मुदतीची हुंडी

२०२४ सालच्या जून महिन्याच्या ९ तारखेस दिल्ली येथें राष्ट्रपति भवनाच्या प्रांगणांत नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधि झाला. त्या समारंभास शेजारच्या व हिंदी महासागरांतील सात देशांचे पाहुणे मुद्दाम बोलाविले होते. बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना, श्रीलंकेचे अध्यक्ष रनिल विक्रमसिंघे, नेपाळचे पंतप्रधान पुष्पकमल दाहाल ऊर्फ प्रचंड, मॉरिशसचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ, भूतानचे पंतप्रधान शेरिंग तोबगे, मालदीवचे अध्यक्ष मोहंमद मुइझ्झू आणि सेशेल्सचे उपाध्यक्ष अहमद अफीफ हे ते सात पाहुणे होत. त्या सायंकाळीं एका रांगेंत बसलेल्या या मंडळींपैकीं चौघांच्या हातीं ते वर्ष संपण्यापूर्वींच सत्ता राहिली नाहीं. प्रचंड यांनीं १२ जुलै रोजीं संसदेंत विश्वासमत गमाविलें. हसीनाबाईंनीं ५ ऑगस्ट रोजीं देश सोडला. विक्रमसिंघे यांस २१ सप्टेंबरच्या निवडणुकींत लोकांनीं तिसऱ्या क्रमांकावर नेऊन बसविलें. आणि जगन्नाथ यांच्या पक्षाचा १० नोव्हेंबरच्या निवडणुकींत धुव्वा उडाला. अवघ्या पांच महिन्यांत चार खुर्च्या रिकाम्या झाल्या. शेजारच्या देशांच्या इतिहासांत इतकें गजबजलेलें वर्ष क्वचितच सांपडेल.

परंतु खुर्ची जाणें ही लोकशाहींत शोक करण्याजोगी गोष्ट नव्हे. राज्यकर्ते बदलतां यावेत एवढ्यासाठींच तर हा सारा खटाटोप असतो. विचार करण्यासारखा प्रश्न हा कीं, खुर्ची गेली ती कशी गेली? वरील चौघांपैकीं तिघे सत्ता सोडून आपापल्या घरीं गेले. त्यांच्या जाण्यासाठीं कोणाच्या घरीं सुतक आलें नाहीं, कीं कोणत्या कचेरीस आग लागली नाहीं. चौथ्या बाईंस मात्र हेलिकॉप्टरांत बसून परमुलखाची वाट धरावी लागली, आणि त्यापूर्वीं तीन आठवडे त्यांच्या राजधानीच्या रस्त्यांवर तरुण पोरांचें रक्त सांडत होतें. एकाच वर्षीं, एकाच टापूंत, जवळजवळ एकाच प्रकारच्या राज्यघटना असलेल्या देशांत हा फरक कां पडावा? या प्रश्नाचें उत्तर आमच्या मतें वर्ध्याच्या नागरिकांस व व्यापाऱ्यांस फार जवळचें आहे, म्हणूनच त्या सालाचा हा ताळेबंद आज आम्ही मांडीत आहों.

आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांस त्यांच्याच भाषेंत सांगतों. मत म्हणजे लोकांनीं राज्यकर्त्यांवर काढलेली मुदतीची हुंडी होय. पांच वर्षेंपर्यंत लोक आपला अधिकार राज्यकर्त्यांच्या पेढीवर ठेवितात; मुदत भरली कीं तो परत मागून घेण्याचा, आणि वाटल्यास दुसऱ्या पेढीवर ठेवण्याचा, त्यांस हक्क असतो. अशा हुंडीच्या बाबतींत दोन गोष्टी संभाळाव्या लागतात. एक, ती मुदतीच्या दिवशीं वटली पाहिजे. आणि दुसरी, तिचे पैसे खऱ्या नाण्यांत मिळाले पाहिजेत. मुदत चुकविली तरी पेढीची पत जाते, आणि मुदतीच्या दिवशीं खोटीं नाणीं हातावर ठेविलीं तरीही जाते. शेजारच्या देशांतील २०२४ सालच्या घडामोडींस हीं दोन मापें लावून पाहावीं, म्हणजे वरवर गोंधळाच्या दिसणाऱ्या त्या वर्षाचा अर्थ बराच उलगडतो.

प्रथम बांगलादेश घेऊं. १९९६ सालीं तेथील राज्यघटनेंत तेरावी दुरुस्ती होऊन निवडणुकीपुरतें निःपक्षपाती काळजीवाहू सरकार नेमण्याची पद्धत अंमलांत आली. त्या पद्धतीखालीं १९९६, २००१ व २००८ अशा तीन निवडणुका झाल्या, आणि तिन्ही वेळां सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली. २००७ सालीं आलेलें काळजीवाहू सरकार जवळजवळ दोन वर्षें ठाण मांडून बसलें, हा त्या पद्धतीचा दोष खरा. पण दोष दुरुस्त करण्याऐवजीं २०११ सालीं पंधराव्या दुरुस्तीनें ती पद्धतच काढून टाकण्यांत आली. पुढें काय झालें पाहा. २०१४ च्या निवडणुकींत ३०० पैकीं १५३ जागा बिनविरोध भरल्या. म्हणजे निम्म्याहून अधिक मतदारसंघांत मतदाराला मतपेटीपर्यंत जाण्याचें कारणच उरलें नाहीं. २०१८ सालीं मुख्य विरोधी आघाडीच्या पदरांत अवघ्या सात जागा पडल्या. ७ जानेवारी २०२४ च्या निवडणुकीवर बांगलादेश नॅशनलिस्ट पक्षानें बहिष्कार घातला, आणि सरकारी आंकड्यांप्रमाणेंच मतदान सुमारें ४२ टक्के झालें. तारखा तिन्ही वेळां पाळल्या गेल्या, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. हुंडी मुदतीस वटली. नाणें मात्र खोटें निघालें.

अशा स्थितींत ठिणगी कोणत्याही निमित्तानें पडते. तेथें ती सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागांवरून पडली. स्वातंत्र्यसैनिकांच्या वंशजांसाठीं असलेल्या ३० टक्के जागा २०१८ सालच्या विद्यार्थ्यांच्या चळवळीनंतर रद्द झाल्या होत्या. ५ जून २०२४ रोजीं तेथील उच्च न्यायालयाच्या निकालानें त्या पुन्हा जिवंत झाल्या. जुलैंत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. १६ जुलैस रंगपूर येथें अबू सय्यद हा विद्यार्थी हात पसरून उभा असतां पोलिसांच्या गोळ्यांनीं पडला. संचारबंदी आली, इंटरनेट बंद झालें. २१ जुलैस सर्वोच्च न्यायालयानें ९३ टक्के जागा गुणवत्तेवर भरण्याचा निकाल दिला. विद्यार्थ्यांची मूळ मागणी बहुतेक पुरी झाली. तरी आग विझली नाहीं. ती विझणार कशी? मागणी नोकरीची होती, पण दुःख नोकरीपुरतें नव्हतें. पंधरा वर्षें ज्यांस सरकार बदलण्याची शांत वाट मिळाली नाहीं, त्यांनीं तें रस्त्यावर बदलावयाचें ठरविलें. त्या काळांत १,४०० पर्यंत माणसें मारलीं गेलीं असावींत, असा संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार कचेरीचा अंदाज आहे.

५ ऑगस्टनंतर जें घडलें तेंही सोडून चालणार नाहीं. ८ ऑगस्टला नोबेल पारितोषिक मिळविलेले महंमद युनूस यांच्या नेतृत्वाखालीं हंगामी सरकार आलें. पण मधल्या दिवसांत व नंतरही हिंदूंच्या घरांवर, दुकानांवर व देवळांवर हल्ले झाले, पोलिसांचीं ठाणीं जळालीं, आणि ज्या घरांतून शेख मुजीबुर रहमान यांनीं बांगलादेशच्या स्वातंत्र्याचा लढा चालविला त्या धानमंडीच्या घरासही आग लावण्यांत आली. रस्त्यावर झालेल्या सत्तांतराचा हा नित्याचा परिणाम होय. मतपेटींतून सत्ता बदलली कीं पराभूत पक्षाचा अनुयायी दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपलें दुकान उघडतो. रस्त्यावर ती बदलली म्हणजे पराभूताचा सूड आणि दुबळ्याची लूट एकाच झुंडीच्या हातून होते. ज्याचा राजकारणाशीं सुतराम संबंध नाहीं अशा अल्पसंख्याकाच्या दारावर ती झुंड प्रथम येते. त्याच सालच्या १७ डिसेंबरला ढाक्याच्या उच्च न्यायालयानें काळजीवाहू पद्धत रद्द करणारा पंधराव्या दुरुस्तीचा भाग घटनाबाह्य ठरविला. तेरा वर्षें उशिरां आलेलें हें शहाणपण त्या देशास फार महाग पडलें.

आतां समुद्रापलीकडे श्रीलंकेकडे वळूं. त्या देशाची अवस्था दोन वर्षांपूर्वीं बांगलादेशाहून बिकट होती. एप्रिल २०२२ मध्यें त्यानें परदेशी कर्जाची फेड थांबविली. पेट्रोल, औषधें, स्वयंपाकाचा गॅस यांसाठीं लोक रात्रंदिवस रांगांत उभे राहिले. जुलैंत लोक अध्यक्षांच्या वाड्यांत शिरले आणि गोटाबाया राजपक्ष परदेशीं पळाले. येथवर दोन्ही देशांची कथा सारखीच. पण पुढें श्रीलंकेनें घटनेचा धागा तुटूं दिला नाहीं. घटनेंत सांगितल्याप्रमाणें संसदेनें उरलेल्या मुदतीपुरता अध्यक्ष निवडला. मुदत संपत आली तेव्हां निवडणूक लांबावी म्हणून कांहींनीं न्यायालयांत अर्ज केले. सर्वोच्च न्यायालयानें ते जुलै २०२४ मध्यें फेटाळले. निवडणूक आयोगानें २१ सप्टेंबर ही तारीख लाविली आणि त्या तारखेस मतदान झालें.

त्या मतदानाचा निकाल मोठा बोधप्रद आहे. निवडून आलेले अनुर कुमार दिसानायके यांस २०१९ सालीं जेमतेम तीन टक्के मतें मिळालीं होतीं. २०२४ सालीं त्यांस पहिल्या पसंतीचीं ४२ टक्क्यांहून अधिक मतें मिळालीं, आणि त्या देशाच्या इतिहासांत प्रथमच दुसऱ्या पसंतीचीं मतें मोजावीं लागलीं. १४ नोव्हेंबरच्या संसदीय निवडणुकींत त्यांच्या आघाडीनें २२५ पैकीं १५९ जागा जिंकल्या. तमिळबहुल जाफना जिल्ह्यांतही ती पहिली आली. आणि हा पक्ष कोणता? ज्या जनता विमुक्ति पेरामुनानें १९७१ सालीं, आणि पुन्हां १९८७ ते १९८९ या काळांत, हातीं शस्त्र घेऊन सरकार उलथण्याचा प्रयत्न केला, व ज्या बंडांत हजारों तरुण प्राणांस मुकले, तोच हा पक्ष. दोन वेळां बंदुकीनें जें साधलें नाहीं तें त्यास एका रविवारीं मतपत्रिकांच्या मोजणींत मिळालें, आणि पराभूत अध्यक्षांनीं मुकाट्यानें सत्ता सोपविली. साध्य कितीहि चांगलें असो, साधन शुद्ध नसेल तर साध्यच नासतें, ही शिकवण सेवाग्रामच्या कुटींतून जगास मिळाली. कोलंबोच्या राजकारण्यांनीं ती गांधीजींच्या ग्रंथांतून घेतली असें नव्हे. पोळलेल्या अनुभवानें त्यांस ती पटली. पण पटली हें खरें.

पाकिस्तानाची गोष्ट थोडक्यांत आटोपतां येईल. तेथें मुदतही चुकली आणि नाणेंही झिजलेलें निघालें. जानेवारी २०२३ मध्यें पंजाब व खैबर पख्तुनख्वा या प्रांतांच्या विधानसभा विसर्जित झाल्या. घटनेप्रमाणें नव्वद दिवसांत निवडणूक व्हावयास पाहिजे होती. पंजाबांत १४ मे रोजीं मतदान घ्यावें असा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम असतांही तें झालें नाहीं. राष्ट्रीय सभा ऑगस्टांत विसर्जित झाली आणि मतदान उजाडलें तें ८ फेब्रुवारी २०२४ रोजीं. इम्रान खान तुरुंगांत, त्यांच्या पक्षाचें 'बॅट' हें चिन्ह हिरावलेलें, मतदानाच्या दिवशीं मोबाइल बंद, आणि निकाल जाहीर होण्यास विलक्षण विलंब. इतकें करूनही त्या पक्षाचे पुरस्कृत अपक्ष उमेदवार नव्वदाहून अधिक जागांवर निवडून येऊन तोच सर्वांत मोठा गट ठरला. मंत्रिमंडळ मात्र दुसऱ्यांचें झालें. वर्षाच्या अखेरीस इस्लामाबादचे रस्ते पुन्हां मोर्च्यांनीं व लाठ्यांनीं भरले, यांत नवल तें काय?

नेपाळचें उदाहरण निराळें आहे व तें आपण विशेष ध्यानांत घ्यावें. तेथें २०१७ व २०२२ सालीं निवडणुका झाल्या, त्या खुल्याही होत्या. पण मतदारानें दिलेलें नाणें पेढीवर पोंचतांच पुढाऱ्यांनीं आपसांत वाटून घेतलें. प्रजासत्ताक झाल्यापासून सोळा वर्षांत डझनाहून अधिक सरकारें आलीं, आणि प्रमुखपद बहुतांशीं त्याच त्या वृद्ध पुढाऱ्यांत फिरत राहिलें. जुलै २०२४ मध्यें नेपाळी काँग्रेस व एमाले या एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन पक्षांनीं पंतप्रधानपद पाळीपाळीनें भोगण्याचा करार केला, प्रचंड पायउतार झाले व के. पी. शर्मा ओली यांनीं १५ जुलैस शपथ घेतली. चवदा महिन्यांनीं, सप्टेंबर २०२५ मध्यें, काठमांडूचे तरुण रस्त्यावर आले, संसद भवन जळालें, ओली यांनीं राजीनामा दिला आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांस हंगामी सरकारचें नेतृत्व पतकरावें लागलें. मतपेटी उघडी असली तरी तिच्यांतून कांहींच बदलत नाहीं असें लोकांस वाटूं लागलें, म्हणजे उघडी पेटी आणि बंद पेटी यांत फारसें अंतर राहत नाहीं.

उरलेल्या शेजाऱ्यांकडे नुसती दृष्टि टाकूं. भूतानांत लोकशाही येऊन उणींपुरीं सोळा वर्षें झालीं होतीं. ९ जानेवारी २०२४ च्या अंतिम फेरींत तोबगे यांच्या पक्षानें ४७ पैकीं ३० जागा मिळविल्या आणि आधींचा सत्ताधारी पक्ष पहिल्या फेरींतच गळला. तेथें प्रत्येक निवडणुकींत सरकार बदलत आलें, आणि कोणाचें डोकें फुटलें नाहीं. मालदीवच्या मतदारांनीं २१ एप्रिलला मुइझ्झू यांच्या पक्षास ९३ पैकीं ६६ जागा दिल्या. भारताशीं वाकडें धरून निवडून आलेले हे गृहस्थ ऑक्टोबरांत दिल्लीस येऊन सलोख्याचें बोलूं लागले, कारण तिजोरी रिकामी असली कीं घोषणा फार दिवस टिकत नाहींत. मॉरिशसमध्यें कोंकणांतून गेलेल्या आपल्या मराठी मजुरांचे वंशज आजही नांदत आहेत. तेथें निवडणुकीच्या तोंडावर चोरून ऐकलेल्या संभाषणांचें प्रकरण बाहेर आलें, सरकारनें समाजमाध्यमांवर बंदी घातली, लोक खवळले तशी ती लगेच उठवावी लागली, आणि मतदानांत ६२ पैकीं ६० थेट जागा विरोधकांनीं नेल्या. याच्या उलट म्यानमारांत २०२० सालचा लोकांचा कौल लष्करानें १ फेब्रुवारी २०२१ रोजीं पायाखालीं तुडविला. त्याचें फळ म्हणून २०२४ सालीं तेथें यादवी पेटलेली होती आणि तरुणांस सक्तीनें सैन्यांत ओढणारा कायदा लागू झाला. अफगाणिस्तानांत तर मताचा प्रश्नच नाहीं. त्याच ऑगस्टांत तेथें बायकांचा आवाजही घराबाहेर ऐकूं येऊं नये असा कायदा झाला.

'हें सारें ठीक, पण वर्ध्याच्या बाजारांत बसणाऱ्यास त्याचें काय?' असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, बाजारास सर्वांच्या आधीं कळतें. हिंगणघाटच्या यार्डांत जो कापूस उतरतो, त्याच्या भावांत ढाक्याच्या गिरण्यांचा हात असतो. कारण बांगलादेश हा भारताच्या कापसाचा व सुताचा मोठा गिऱ्हाईक आहे. कारंजा, आष्टी, आर्वी या भागांतील संत्र्याचा बागाईतदार कित्येक वर्षें त्याच देशाच्या बाजाराकडे डोळे लावून बसला, आणि तेथील सरकारनें आयातशुल्क चढवीत नेलें तसा तो खचत गेला. ऑगस्ट २०२४ च्या पहिल्या आठवड्यांत पेट्रापोलच्या नाक्यावर मालमोटारी उभ्या राहिल्या तेव्हां त्यांतील मालाचें नुकसान कोण्या पक्षाचें नव्हे, शेतकऱ्याचें व व्यापाऱ्याचें होतें. शेजारीं घर जळत असतां आपल्या भिंतीस ऊब लागतेच. तेव्हां शेजाऱ्याची मतपेटी स्वच्छ असावी ही इच्छा केवळ परोपकाराची नव्हे, आपल्या हिताचीही आहे.

आतां स्वतःकडे पाहूं. त्या सालीं भारतांत १९ एप्रिल ते १ जून अशी सात टप्प्यांत निवडणूक झाली. सुमारें ६४ कोटि लोकांनीं मत दिलें. सत्तारूढ पक्षाच्या जागा घटून २४० वर आल्या, त्यास मित्रपक्षांचा आधार घ्यावा लागला, आणि कोणाच्या केसास धक्का लागला नाहीं. वर्धा मतदारसंघानें २६ एप्रिलला मतदान करून दोनदां निवडून आलेले रामदास तडस यांच्या जागीं दुसऱ्या आघाडीचे अमर काळे यांस पाठविलें. सातच महिन्यांनीं, नोव्हेंबरच्या विधानसभेच्या निवडणुकींत, याच जिल्ह्यानें वर्धा, हिंगणघाट, देवळी व आर्वी या चारही जागा पहिल्या पक्षाच्या पदरांत टाकिल्या. यांतील कोणता कौल शहाणपणाचा, हा वाद आम्ही येथें घालीत नाहीं. एकाच मतदारानें एका वर्षांत दोन निराळे कौल दिले व दोन्ही निमूटपणें मानले गेले, यांतच हुंडी खऱ्या नाण्यांत वटल्याची खूण आहे. दिल्ली व मुंबई येथपर्यंत आपली पत शेजाऱ्यांपेक्षां पुष्कळ बरी, हें मान्य केलें पाहिजे.

परंतु दिल्लीपासून खालीं उतरत आपल्या नगरपरिषदेच्या पायरीशीं आलों, कीं मान खालीं घालावी लागते. ज्या वर्षीं शेजारच्या देशांत मतासाठीं माणसें मरत होतीं, त्या संबंध २०२४ सालांत आमच्या जिल्हा परिषदेंत व नगरपरिषदांत लोकांनीं निवडलेला एकही सभासद नव्हता. २०१६-१७ सालीं निवडलेल्या सभासदांची मुदत २०२२ सालच्या सुमारास संपली आणि त्यांच्या जागीं प्रशासक बसले. हीच अवस्था मुंबईपासून चंद्रपुरापर्यंत. गटार तुंबलें, नळास पाणी आलें नाहीं, शाळेचें छप्पर गळलें, तर दाद मागावयाची ती अर्ज करून; मत देऊन नव्हे. नाणें येथें खोटें नव्हतें. मुदतच पाळली गेली नाहीं.

राज्यघटना याविषयीं काय सांगते? १९९२ सालीं संमत झालेल्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या दुरुस्त्यांनीं आलेलीं कलमें २४३-ई व २४३-यू अगदीं स्पष्ट आहेत: स्थानिक संस्थेची मुदत पांच वर्षें, त्याहून अधिक नाहीं, आणि नवी निवडणूक ती मुदत संपण्यापूर्वीं पुरी झाली पाहिजे. २००६ सालीं किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महानगरपालिका या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें या आज्ञेचें कडक पालन झालें पाहिजे असें बजाविलें. असें असतां महाराष्ट्रांत मुदत चुकली कशी? इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांसाठीं न्यायालयानें मार्च २०२१ मध्यें तीन कसोट्या सांगितल्या. त्यांसाठीं लागणारी माहिती राज्याजवळ तयार नव्हती. मार्च २०२२ मध्यें एका सरकारनें प्रभागरचनेचे अधिकार आपल्याकडे ओढले. त्याच सालच्या जुलैंत न्यायालयानें आयोगाचा अहवाल स्वीकारून वाट मोकळी केली, तों ऑगस्टांत दुसऱ्या सरकारनें सभासदांच्या संख्येची आधींची व्यवस्था फिरविली. त्यावर पुन्हां खटले. मागासवर्गीयांचा हक्क न्याय्य आहे, त्याविषयीं आमचें दुमत नाहीं. पण त्या हक्काची तयारी वेळेवर न करणें, आणि मग त्याच हक्काच्या नांवानें सर्वांचेंच मत तीन-चार वर्षें अडवून ठेवणें, हा मागासवर्गीयांवरही अन्यायच होय. या दोषांत दोन्ही बाजूंच्या सरकारांचा वाटा आहे.

येथें एक योगायोग सांगण्यासारखा आहे. श्रीलंकेंतही स्थानिक निवडणुका मार्च २०२३ मध्यें व्हावयाच्या होत्या. पैसा नाहीं या सबबीवर त्या लांबविल्या. २२ ऑगस्ट २०२४ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें असा विलंब करणें हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे असें ठरविलें, आणि त्या ठपक्यांतून अर्थखातें संभाळणारे खुद्द अध्यक्षही सुटले नाहींत. अखेर ६ मे २०२५ रोजीं त्या बेटावर स्थानिक मतदान झालें. नेमक्या त्याच दिवशीं, ६ मे २०२५ रोजीं, दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयास महाराष्ट्र सरकारला हुकूम द्यावा लागला कीं, स्थानिक संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत पुऱ्या करा. दिवाळें निघालेलें तें बेट त्या दिवशीं मत देत होतें. आणि श्रीमंत म्हणविणारें आमचें राज्य त्याच दिवशीं मत देण्याचा हुकूम ऐकत होतें. त्यानंतरही मुदत वाढवून मागण्यांत आली, आणि नगरपरिषदांसाठीं मतदान उजाडलें तें डिसेंबर २०२५ मध्यें.

प्रशासकाच्या बाजूनें दोन गोष्टी बोलल्या जातात, त्यांचा विचार करूं. पहिली ही कीं, सभासद भांडतात, खातात. एकटा अधिकारी काम झपाट्यानें करतो. कांहीं अधिकारी चांगले असतात हें आम्हांसही ठाऊक आहे. पण चांगला अधिकारी बदलून जातो आणि वाईट आला तर त्यास घालविण्याचें साधन नागरिकाजवळ नसतें. सभासद वाईट निघाला तर पांच वर्षांनीं त्याचें नांव खोडतां येतें. दुसरी सबब खर्चाची. तीच कोलंबोस सांगितली गेली व तेथील न्यायालयानें ती झिडकारली. शिवाय एक हानि अशी कीं तिचा हिशेब कोणी मांडीत नाहीं: २०११ सालापासून महाराष्ट्रांतील स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. प्रशासक बसतांच त्या निम्म्या जागाही एका दिवसांत नाहींशा झाल्या. ज्या बायकांनीं पदर खोचून नुकतें कोठें सभेंत बोलावयास सुरुवात केली होती, त्यांची एक आख्खी पिढी पुन्हां उंबऱ्याआंत गेली. सुधारणेचीं व्याख्यानें देणाऱ्यांनीं या गोष्टीबद्दल चार वर्षें मौन धरावें, याचा आम्हांस खेद होतो.

आणि हें वर्ध्यानें सोसावें, ही तर विशेष लाजेची गोष्ट आहे. १४ जुलै १९४२ रोजीं याच शहरांत काँग्रेस कार्यकारिणीनें इंग्रजी सत्तेनें भारत सोडावा असा ठराव केला. सुमारें महिनाभरानें, १६ ऑगस्टला, याच जिल्ह्यांतील आष्टी येथें लोकांनीं त्यासाठीं प्राण दिले. १९४६ सालीं वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनीं गांधीजींच्या विचारांवर आधारलेल्या राज्यघटनेचा आराखडा प्रसिद्ध केला. गांवपंचायत हा त्याचा पाया होता. त्या पायास राज्यघटनेंत पक्कें स्थान मिळण्यास १९९३ साल उजाडावें लागलें. आणि जें इतक्या वर्षांनीं मिळालें तें चार वर्षें प्रशासकाच्या कपाटांत कुलूपबंद झालें, तरी आपण मोर्चा तर राहोच, एक धड ठरावही केला नाहीं. ढाक्याप्रमाणें रस्त्यावर उतरावें असें आम्ही मुळींच सुचवीत नाहीं. तो मार्ग किती महाग पडतो हें वर सांगितलेंच आहे. पण रस्त्यावर न उतरणें म्हणजे घरांत झोपून राहणें नव्हे. या दोहोंच्या मध्यें कायद्याची रुंद वाट आहे.

त्या वाटेनें जाण्यासाठीं आमच्या सूचना अशा आहेत. पहिली: मुदत संपण्यापूर्वीं पुरतें एक वर्ष प्रभागरचना व राखीव जागांची सोडत पुरी झालीच पाहिजे, आणि त्यानंतर सरकारला त्यांत हात घालतां येऊं नये, असा कायदा राज्यानें करावा, प्रभागरचनेचें काम सर्वस्वीं राज्य निवडणूक आयोगाकडे असावें. दुसरी: इतर मागासवर्गीयांविषयींची माहिती ठराविक काळानें ताजी करणारा कायमचा आयोग असावा, म्हणजे ऐन वेळीं सबब राहणार नाहीं. तिसरी: प्रशासकाची मुदत सहा महिन्यांहून अधिक असूं नये, तेवढ्यांत नवी रचना झाली नाहीं तर जुन्या रचनेवर निवडणूक आपोआप व्हावी. चौथी सूचना सरकारला नव्हे, आम्हां नागरिकांस आहे. वकील मंडळींनीं, व्यापारी संघांनीं, अडत्यांनीं व महिला मंडळांनीं मुदतीच्या एक वर्ष आधींपासून तगादा सुरू करावा, आणि तारीख चुकण्याचा रंग दिसतांच नागपूरच्या खंडपीठाचें दार ठोठवावें. मुदत उलटून तीन वर्षें झाल्यावर दावा लावणारा धनको कोर्टांत हसें करून घेतो, हें व्यापाऱ्यांस आम्ही सांगावयास पाहिजे असें नाहीं.

२०२४ सालानें शेजाऱ्यांस जो धडा दिला तो त्यांनीं रक्तानें किंवा मतानें, जसा जमला तसा, गिरविला. आपणांस तो फुकट मिळाला आहे. डिसेंबर २०२५ मध्यें निवडलेल्या नगरपरिषदांची मुदत पांच वर्षांनीं संपेल. येत्या लक्ष्मीपूजनाला नव्या वहीच्या पहिल्या पानावर इतर येण्यांबरोबर ही तारीखही लिहून ठेवावी, आणि दरवर्षीं वही बदलतांना ती पुढच्या वहींत ओढावी, एवढीच आमची आमच्या वाचकांस विनंति आहे.